आमच्या स्टुडिओतली भाची

माणसांचे फोटो काढण्यात माझं उभं आयुष्य गेलं, पण माणसाची ओळख करून देणं मला कधी जमलं नाही. कॅमेऱ्याच्या मागे असलो की मी राजा. समोर येऊन चार शब्द बोलायची पाळी आली की माझी जीभ मला न विचारता कुठेही निघून जाते. माझ्याच लग्नात एका मित्राला मी सासऱ्यांची ओळख "हे आमच्या मिसेसचे काका" अशी करून दिली होती. सासरे मोठ्या मनाचे, त्यांनी नुसती मिशी पुसली. बायको मात्र माहेरून आंब्याची पेटी आली की दरवर्षी न चुकता म्हणायची, "काकांनी आंबे पाठवलेत."

अशा माणसाच्या दुकानात एक असिस्टंट फोटोग्राफर यावी आणि तिची ओळख गावाला करून देण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडावं, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीत माझा लहानसा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे पडदा, पडद्यामागे शूटिंगची खोली आणि तिच्याही मागे डार्करूम. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. लूम चालू असले की माझा ट्रायपॉड बारीक थरथरायचा, म्हणून काही फोटो जरासे हलायचे. जे लूम बंद असताना हलायचे तेही मी लूमच्याच नावावर खपवत असे. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी कारागीर आंघोळ करून, केसांना तेल लावून, मुलुखात पाठवायला फोटो काढून घ्यायला येत. त्यांच्यासाठी माझ्याकडे तळ्याकाठचा रंगवलेला पडदा होता, प्लास्टिकची फुलं होती आणि एक बंद पडलेला टेलिफोन होता. रिसीव्हर कानाला लावून काढलेल्या फोटोला फार मागणी. "हनुवटी खाली, खांदा वर, स्माईल," एवढ्या तीन मंत्रांवर माझा संसार चालला होता.

ती पहिल्यांदा आली ती भांडायला. नोकरीच्या अर्जासाठी तिने माझ्याकडे फोटो काढला होता. पाकीट घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर आपटून म्हणाली, "हा फोटो कुणाचा आहे?"

"तुमचाच."

"माझ्या कपाळावर इथे व्रण आहे. लहानपणी उंबऱ्यावर पडले होते. तो कुठे गेला?"

मी अभिमानाने सांगितलं, "टचिंगमध्ये काढला. पेन्सिलीने. त्याचे वेगळे पैसेसुद्धा लावले नाहीत."

"पण काढा म्हणून कुणी सांगितलं होतं? आणि नाक? हे तुमच्या शोकेसमधल्या सगळ्या बायकांचं नाक आहे."

मी शोकेसकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तीच पेन्सिल आणि तोच हात. नाकं खरोखरच एका घराण्यातली वाटत होती. पण गिऱ्हाइकासमोर हरायचं नाही, असा तेव्हा माझा बाणा होता. मी म्हटलं, "एवढं कळतंय तर तुम्हीच काढा ना फोटो."

हा टोमणा होता. भिवंडीत टोमणा मारला तर समोरचा उलटा टोमणा मारतो, अशी रीत. तिने खांद्याची पिशवी स्टुलावर ठेवली आणि हात पुढे केला. "द्या."

मी कॅमेरा दिला, तो मुख्यतः ती पाडेल या आशेने. माझा हा जुना दोन भिंगांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि वरून त्याच्या काचेत मान खाली घालून बघायचं. नवखा माणूस तो हमखास उलटा धरतो. तिने नीट धरला. मी तिला अंतर, उजेड, भिंग यावर भाषण द्यायला लागलो. तिने मला बोलू दिलं. मी चांगला रंगात आलो असताना खट् असा आवाज झाला.

रोल धुतल्यावर त्या फोटोत मी सापडलो. चष्मा कपाळावर, एक बोट हवेत, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला शिकवण्याचा उत्साह. मी तो लपवणार होतो, पण बायकोच्या हाती लागला. ती बघतच राहिली.

"हा कुणी काढला?"

"एक मुलगी आलेली भांडायला."

"आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये जो माणूस आहे ना, तो कोण ते मला अजून माहीत नाही," बायको म्हणाली. "हा मात्र माझ्या घरात राहतो. तिला ठेवून घ्या."

अशी ती लागली. ती तिथल्याच एका बौद्ध कुटुंबातली. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, घरी आई आणि मोठा भाऊ. तिच्या मामाला फोटोचा नाद होता. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघाली की तो पुढे उलटा चालत फोटो काढायचा आणि ही त्याला मागे खड्डा आहे की नाही ते सांगत चालायची. खड्डे संपले की मामा तिला कॅमेरा द्यायचा. शाळा संपल्यावर ती एका लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची, म्हणजे धोट्यात घालायच्या कांडीवर मशीनने सूत गुंडाळायचं काम. धागा तुटला की तो चालत्या मशीनवर डोळ्यांनी पकडावा लागतो. ती म्हणायची, "काका, माणसाचा चेहरापण तसाच असतो. तुटतो तेव्हा पकडायचा." हे ऐकल्यावर मी मान डोलावली आणि घरी जाऊन बायकोला ते स्वतःचं म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "हे तुमचं नाही."

पहिल्या शुक्रवारीच तिने माझे तीन मंत्र मोडीत काढले. एक तरुण कारागीर टेलिफोन कानाला लावून खांबासारखा बसला होता. तिने विचारलं, "भैया, फोटो किस को भेजना है?"

"अम्मी को."

"तो फोन पे अम्मी ही है. क्या बोल रही है?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "पूछ रही है, खाना खाया कि नहीं."

"तो बताओ ना, खाया कि नहीं."

तो बंद पडलेल्या टेलिफोनमध्ये हळूच म्हणाला, "खाया, अम्मी." आणि खट्. पुढच्या शुक्रवारी त्याच्या कारखान्यातले सगळे आले. मला कुणी विचारलं नाही. मी रिसीव्हर पुसून देत होतो.

काम असं, आणि ओळख करून देताना मात्र माझी दातखीळ. कारण काय, तर डार्करूम. दुकानात एक तरुण मुलगी, एक मध्यमवयीन बाप्या, आणि पडद्यामागे दार लावून घ्यायची एक काळोखी खोली. गाव काय बोलेल या धास्तीने मला घाम फुटायचा. वास्तविक आत मी रोल धूत असताना ती बाहेर काउंटरवर असायची आणि ती आत असताना मी. पण हे गावाला कोण समजावणार? पहिल्याच आठवड्यात हायस्कूलचे एक मास्तर आले. ते आमच्या ज्ञातीतले, नुकतेच बदलून आलेले आणि चौकशीची आवड असलेले. त्यांनी तिच्याकडे बघून भुवई उचलली. "ही कोण?"

मी म्हणालो, "माझी भाची."

शब्द तोंडातून गेला आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. भाची म्हटल्यावर प्रश्नच संपला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "काका, दुसरा रोल भरू का?"

मास्तरांची भुवई परत वर गेली. "भाची म्हणालात, आणि ती काका म्हणते?"

"आमचं दोन्हीकडून नातं आहे," मी म्हणालो.

खोटं बोलणाऱ्याने थांबायला शिकावं. मी कधी शिकलो नाही. त्यानंतर जो येईल त्याला मी भाचीच सांगू लागलो. कुणाला ती सुट्टीला आलेली भाची होती, कुणाला शिकायला राहिलेली. बायकोच्या कानावर गेलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला बहीण आहे का?"

मला बहीण नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ती स्वतः पहिल्यांदा हसली. मग हसेनाशी झाली. गिऱ्हाईक तिने काढलेला फोटो बघून मला म्हणायचं, "वा, काय हात आहे तुमचा." आणि मग तिला म्हणायचं, "बेटा, मामांना पाणी दे."

आणि एके दिवशी तेच मास्तर पुन्हा आले, धुतलेला शर्ट घालून, हातात पुतण्याची पत्रिका घेऊन. पुतण्या पोस्टात होता, निर्व्यसनी होता, आणि मास्तरांच्या मते माझी भाची घराला साजेशी होती. मी चहा मागवला. चहावाला येईपर्यंत काहीतरी सुचेल अशी आशा होती. चहा आला. काही सुचलं नाही. पत्रिका काउंटरवर उघडी पडलेली, मी तिच्यातल्या घरांकडे बघतोय, जणू एखाद्या घरात मला लपायला जागा मिळेल.

पडदा बाजूला करून ती बाहेर आली. "मुलगा काय करतो म्हणालात?"

"पोस्टात," मास्तर उत्साहाने म्हणाले.

"छान. पण सर, मी ह्यांची भाची नाही. मी इथे असिस्टंट फोटोग्राफर आहे. आणि आम्ही बौद्ध. तुमचा विचार अजूनही कायम असेल तर घरी येऊन वडिलांना भेटा. फक्त पत्रिका आणू नका, आमच्यात ती बघत नाहीत."

मास्तरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. पत्रिकेची घडी घालताना त्यांच्या बोटांना घडी सापडेना. ते गेले. जाताना माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की तसा चेहरा मला कॅमेऱ्यात कधी मिळाला नाही.

मी म्हटलं, "बरं झालं तू सांगितलंस."

"मला नाही बरं वाटलं," ती म्हणाली. "माझी ओळख मी किती वेळा स्वतःच करून द्यायची? घरी भाऊ रोज विचारतो, तू तिथे नक्की आहेस कोण? फोटो कुणाच्या नावाचे, लोक तुला काय म्हणतात? मी काय सांगू, भाची म्हणतात?" तिने कप उचलले आणि विसळले. मग म्हणाली, "कारखान्यातली माझी जागा अजून भरलेली नाही. मी घरी सांगितलंय, अंजूरच्या लग्नापर्यंत बघते. तिथे तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं, मी कोण ते. मी तोंड उघडणार नाही. आणि तिथेही मी भाचीच निघाले, तर सोमवारी कांड्या भरायला जाते."

ती रागावून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. ती कप पुसत बोलत होती.

अंजूरचं लग्न म्हणजे माझं मोठं गिऱ्हाईक. वधूपिता आगरी, खाडीकाठी भातशेती, एक ट्रक, गावात मान. त्याच्या घरची आधीची लग्नं मीच काढलेली. "फोटूवालं, तुमी सोता या," असा त्याचा निरोप होता.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही रिक्षाने निघालो. मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, पायाशी फ्लॅशची बॅटरी. भातखाचरं आणि मधूनच एखादं नवं गोदाम मागे पडत होतं आणि ती माझा पाठ घेत होती.

"म्हणा."

"ही आमची असिस्टंट फोटोग्राफर."

"पुन्हा."

"ही आमची असिस्टंट फोटोग्राफर."

रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, "चाचा, 'आमची' थोडा जोर से बोलो. डर के बोलते हो तो लगता है चोरी का माल है."

मी जोर लावून म्हटलं. त्याने मान हलवली, "अब ठीक है."

मांडवात पोहोचलो. लाऊडस्पीकर, पोरांचा गलका, चुलाणावर मोठी पातेली. ओटीवर पाटाशेजारी धवलारीण बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात मंगलाष्टकांना भटजी येतो, पण त्याच्या आधी धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी ही बाई लागते. तिने सूर लावल्याशिवाय हळदीला हात लावत नाहीत. ही म्हातारी त्या घरच्या प्रत्येक लग्नात मी पाहिली होती. पाहिली होती म्हणजे, नवरीच्या आड येते म्हणून "बाय, जरा बाजूला" असं म्हटलं होतं.

वधूपिता पुढे आला. "आयलंव? बरा झाला. आन ही कोन?"

मी छाती भरून घेतली. "ही आमची असिस्टंट फोटोग्राफर."

सांगितलं. अगदी रिक्षावाल्याने शिकवलं तसं, जोरात. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वधूपित्याच्या कपाळावर मला एक आठी दिसली, आणि ती पुसायला मी पेन्सिल घेतली.

"मुंबईला शिकलेली," मी म्हणालो. "मोठ्या कॉलेजात. मोठमोठ्या लोकांची लग्नं काढलीत हिने. तिकडे हिच्या तारखा मिळत नाहीत."

तिने डोळे मिटून घेतले. नवरीची आत्या हळदीचं ताट घेऊन चालली होती, ती थबकली. तिने ताट कमरेवर टेकवलं आणि माझ्या असिस्टंटकडे निरखून पाहिलं.

"अगो, ही तं कांड्या भरतं. माजे नंदेचे घराबाजूला कारखाना हाय, तिथं मी बगलीय हिला."

मांडवातला लाऊडस्पीकर नेमका त्याच वेळी कुणीतरी बंद केला.

वधूपिता मला म्हणाला, "माजे पोरीचे लग्नान कांड्या भरनारी आनली, आन वर मना मुंबयची बोलतंव?"

सगळे तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे. बोलणार नाही म्हणाली होती, ती बोलत नव्हती. एका वाक्यात सगळं सावरता आलं असतं तिला, मास्तरांच्या वेळी सावरलं तसं. पण ते वाक्य तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. ती बॅगेचा पट्टा खांद्यावर घेऊ लागली. मला दिसलं, ही आता चालत रस्त्यापर्यंत जाईल, रिक्षा धरेल आणि सोमवारी स्टुडिओचं कुलूप मी एकटाच उघडेन.

तेव्हा पाटाशेजारून आवाज आला. "फोटूवालं, इकरं बग."

धवलारीण मला बोलावत होती.

"मुंबय ऱ्हावं दे. खरा सांग. हिला येतं का न्हाय?"

प्रश्न इतका सोपा होता की त्यात खोटं घालायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "माझ्यापेक्षा बरं येतं."

हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. बोलून गेल्यावर मीच ते ऐकलं.

"मंग झाला," म्हातारी म्हणाली. वधूपित्याकडे वळली. "मी पावसान शेतावर लावनीला जातंय. तुजे शेतावर पन येतंय. आन मांडवान आली का देव बोलावतंय. तवा कोन बोलला का, ही चिखलातली बाई हाय, हिला देव कशे ऐकतीन?"

धवलारणीशी वाद घालून हळद कोण लांबवणार? वधूपिता मला म्हणाला, "तुमी पन ऱ्हावा हितं. बिघरला तं तुमचे नावावर."

आता आत माजघरात नवरीला हळद लागणार होती. तिथे सगळ्या बायका, पुरुषाला मज्जाव. आतापर्यंतच्या लग्नांत मी तो भाग सोडून द्यायचो आणि हळद लागल्यावर नवरीला ओटीवर उभी करून "हनुवटी खाली" म्हणायचो. ती मात्र सरळ आत गेली. पण आत उजेड नव्हता, आणि फ्लॅश हातात धरायला माणूस हवा होता. मग बायकांनी तोड काढली. मी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, भिंतीकडे तोंड करून, आणि वायरीला जोडलेला फ्लॅश धरलेला हात तेवढा आत घालायचा.

तसा मी उभा राहिलो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. एक पोरगी मी वळून बघत नाही ना, यावर लक्ष ठेवायला नेमली होती आणि ती फार कर्तव्यदक्ष होती. तोंड भिंतीकडे होतं म्हणून हातही नकळत भिंतीकडे वळला. लग्नासाठी नुकतीच चुना मारलेली पांढरी भिंत. पहिला फ्लॅश तिच्यावर फुटला आणि माझ्या लक्षात आलं, आपण उजेड भिंतीला दिला, नवरीला नाही.

मी हात वळवायला गेलो तर आतून आवाज आला, "तसाच धरा, काका. हलवू नका. छान येतंय."

पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं. ती बायकांमध्ये खाली बसली असणार, कारण तिचा आवाज खालून येत होता. एक बाई म्हणाली, "अगो, फोटू कवा काढशील? नुसती मान खाली घालून बसलीस, तांदूळ निवडतंस का?" सगळ्या हसल्या. त्यांना कुठे माहीत होतं की त्या कॅमेऱ्यात मान खाली घालूनच बघतात? त्या हसण्यात तोच खट् आवाज आला. माझ्या हातातला उजेड भिंतीवरून आत गेला. मग धवला सुरू झाला. म्हातारीचा आवाज जुन्या दारासारखा होता, पण उघडला की आत मोठं घर होतं. मध्येच तो थांबला. कपड्यांची सळसळ ऐकू आली.

"आजी, तुम्ही कुठे चाललात?" ती विचारत होती.

"बाजूला होतंय गो. नवरीचा फोटू घे तू."

"तुम्ही बाजूला झालात तर देवांना कळायचं कसं, कुठे यायचं ते? बसा इथेच. नवरीच्या जवळ सरका."

कपड्यांची सळसळ पुन्हा झाली. मग धवला पुन्हा सुरू झाला, आणि हळूहळू चढत गेला. मी भिंतीकडे बघत उभा होतो. हात भरून आला होता, तरी मी तो हलवला नाही.

परतताना रिक्षात तिने बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मुंबईचं कॉलेज कुठून काढलंत?"

"तोंडातून निघालं."

"शेवटी बोललात ते चांगलं होतं."

लग्नाचा दिवसही तसाच पार पडला. सोमवारी मी मुद्दाम लवकर गेलो. शटर वर करायला लागलो आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी हात लावला. तीच होती. काही विचारायचा मला धीर होईना, म्हणून तीच म्हणाली, "भावाला सांगितलं, मालक सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्यापेक्षा बरं येतं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, मग ते दुकान कशाला चालवतात?"

रंगीत प्रिंट मुंबईच्या लॅबमधून यायच्या. पाकीट आलं तेव्हा मी ते आधी एकट्याने उघडलं. नवरीच्या गालावर भिंतीवरून आलेला तो मऊ उजेड होता, आणि हसताना तोंडावर हात धरायला विसरलेल्या बायका होत्या. पण माझा हात थांबला तो म्हातारीच्या फोटोवर. डोळे मिटलेले, मान जरा वर, एक हात नवरीच्या हळदीच्या पाठीवर, आणि उघड्या तोंडात तो धवला, जणू कागदाला कान लावला तर ऐकू येईल. मी माझ्या जुन्या निगेटिव्ह काढून बघितल्या. त्याच घरची आधीची लग्नं. म्हातारी प्रत्येक लग्नात होती. कुठे कोपर, कुठे पदराचं टोक. माझ्या "बाय, जरा बाजूला"ची ती सगळी फळं.

वधूपिता अल्बम न्यायला आला. पानं उलटत गेला. म्हातारीच्या फोटोवर थांबला. खुर्ची ओढून बसला.

"माजे लग्नान पन हिनंच धवलं बोललं," तो म्हणाला. "माजे आयशीचे लग्नान हिचे आयशीनं." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "यो मोठा करून दे. फ्रेमीन."

तिने विचारलं, "केवढा?"

त्याने दोन्ही हात पसरले. आमच्याकडे एवढी फ्रेम नव्हती, ती करून घ्यावी लागली.

पुढच्या हंगामात तो पुन्हा आला, दापोड्याच्या सोयऱ्यांना घेऊन. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मी काउंटरमागून उठलो, शर्ट सारखा केला, ओळख करून द्यायला तोंड उघडलं. या वेळी वाक्य अगदी तयार होतं, पण तो माझ्या आधीच बोलला.

"ही आमची फोटूग्राफर," तिच्याकडे हात करून तो म्हणाला. "मोठी हुशार पोर. मांडवान हिला सोरा, बाकी काय बोलू नका."

सोयऱ्यांनी तिला हात जोडले. मग त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं. "आन ये कोन?"

वधूपित्याने माझ्याकडे जरा विचार करून पाहिलं. "ये भिंतीकरं तोंड करून लाईट धरतान," तो म्हणाला. "पन धरतान चांगली."

मी तिच्याकडे बघितलं. निदान आता ती काही बोलेल, म्हणेल, हे मालक आहेत, गुरू आहेत, काहीतरी. ती रोल भरत होती. मान वर न करता म्हणाली, "असिस्टंट आहेत."

घरी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "चला, तुमची तरी कुणीतरी नीट ओळख करून दिली."